मोठ्या संस्थेसोबतची पार्टनरशिप बरोबरीची आहे का, कसं तपासायचं आणि कशी सुधारायची

बीड, धारूर, केज, पाटोदा, गंगाखेड, तिकडं पार जिंतूर-सेनगावपर्यंत बघा, ऊसतोड कुटुंबांसोबत काम करणाऱ्या छोट्या संस्था जागोजागी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं काम पुण्या-मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या एखाद्या मोठ्या संस्थेसोबत चालतं. करारात दोघांनाही पार्टनरच म्हणलेलं असतं. पण प्रपोजल एकजण लिहितो, पैसा त्याच्याच खात्यात येतो, फंडरशी बोलतो पण तोच, आणि दिवाळीच्या आसपास गाव रिकामं व्हायला लागलं की रात्री ट्रॅक्टर-ट्रकपाशी उभं राहून कुणाची लेकरं मागं राहणार, कुणाची सोबत चालली याची यादी करणारा मात्र दुसराच असतो. हे असंच असतं म्हणून सोडून देण्यासारखं नाही, कारण याचा फटका शेवटी कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या, कुटुंबालाच बसतो, कसा ते पुढं येईलच.

याच्यावर सगळ्यात जास्त डोकं लावलंय ते निर्वासितांसोबत काम करणाऱ्या संस्थांनी. ऊसतोड कामगार निर्वासित नाहीत हे आधीच सांगतो. निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीनं देशाची सीमा ओलांडून आलेला माणूस, त्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं त्याच्यावर सही केलेली नाही आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदा पण नाही. आपली माणसं आपल्याच राज्यात नाहीतर शेजारच्या कर्नाटकात जातात, सहा महिन्यांनी परत येतात, मतदार आहेत, नागरिक आहेत. पण संस्थांचं आपसातलं नातं दोन्हीकडं सारखंच आहे. पैसा लांब आणि माणसं जवळ, आणि मधी करार.

तर त्या क्षेत्रात काय झालं ते थोडक्यात. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि एनजीओंनी मिळून भागीदारीची पाच तत्त्वं मान्य केली: समानता, पारदर्शकता, परिणामांवर लक्ष, जबाबदारी आणि एकमेकांना पूरक असणं. २०१५ मध्ये चार्टर फॉर चेंज नावाचा जाहीरनामा आला, त्यात आंतरराष्ट्रीय संस्थांनी स्वतःवर अटी घालून घेतल्या. २०१६ ला इस्तंबूलच्या परिषदेत ग्रँड बार्गेन नावाचा समझोता झाला, त्यात २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला किमान २५ टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडं जाईल असं ठरलं. ते उद्दिष्ट काही पूर्ण झालं नाही, लई मागं राहिलं. पण त्या खटाटोपातून तपासायचे प्रश्न तयार झाले आणि ते आपल्याला जसेच्या तसे वापरता येतात. आपल्याच देशातलं उदाहरण पाहिजे असेल तर चेन्नईची ऑफर ही संस्था बघा, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांनी १९८४ मध्ये स्वतःच उभी केली, म्हणजे ज्यांच्यासाठी काम तेच काम चालवणारे. असं होऊ शकतं.

आता तपासायचं कसं. तीन कागद काढा: करार, मंजूर बजेट, आणि मागच्या सहा महिन्यांचे ईमेल-व्हॉट्सॲप मेसेज. एका दुपारी संस्थेतले चार-पाच जण बसा, त्यात किमान दोघं रोज फिल्डवर जाणारे पाहिजेत, नुसते सचिव-अध्यक्ष नको.

बजेटपासून सुरुवात करा

करारातल्या भाषेवर वेळ घालवू नका, ती सगळीकडं चांगलीच असते. बजेट उघडा आणि एकेक ओळ धरून विचारा की हा आकडा कुणी ठरवला, कशावरून ठरवला आणि खरा खर्च किती आला.

पेट्रोलचीच ओळ घ्या. समजा फिल्डवरच्या ताई किंवा दादाला रोज ६० किलोमीटर फिरावं लागतं, वस्त्या-तांडे लांब लांब आहेत, बालाघाटाच्या रस्त्यावर गाडी ४५ चं ॲव्हरेज देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला १४० रुपये झाले आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,५०० रुपये. बजेटमध्ये प्रवासाला १,५०० लिहिलेत. उरलेले २,००० जातात कुठून? त्याच्या मानधनातून. म्हणजे कागदावर १२,००० मानधन दाखवलंय पण घरी १०,००० जातात, आणि गाडीचं ऑइल, टायर, पंक्चर अजून यात धरलेलंच नाही. अशी एक ओळ नीट सोडवून बघितली की बाकीच्या कशा सोडवायच्या ते आपोआप कळतं.

मग ज्याला कुणीच पैसे देत नाही तो खर्च काढा. ऑफिसचं भाडं, लाईट बिल, अकाउंटंट, ऑडिट फी, नेट, प्रिंटर, जबाबदार माणसाचा वेळ. सगळं वर्षाचं धरून समजा ३,६०,००० होतं. तुमच्या टीमचा निम्मा वेळ या एका प्रोजेक्टमध्ये जातो, मग निम्मा खर्च याच्यावर टाकायला पाहिजे, १,८०,००० झाले. करारात ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून ४०,००० मिळतात. राहिलेले १,४०,००० छोटी संस्था स्वतः भरतेय, कधी देणग्यांतून, कधी सचिवाच्या खिशातून, कधी कुणाला पगारच न देता. हा आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. चर्चेला जाताना तुमच्या हातात दुसरं काही नसलं तरी चालेल पण हा आकडा पाहिजे, कारण ‘आमच्यावर अन्याय होतोय’ म्हणलं की वाद होतो, १,४०,००० म्हणलं की समोरचा वही काढतो.

निर्वासितांच्या क्षेत्रात पण हाच मुद्दा तापलेला आहे. मोठ्या संस्थांना दात्यांकडून ओव्हरहेड, म्हणजे असाच ऑफिस-ऑडिटसारखा प्रशासकीय खर्च, मिळायचा आणि स्थानिक संस्थेपर्यंत तो यायचाच नाही, म्हणून २०२२ मध्ये आयएएससी या संयुक्त राष्ट्रांच्या समन्वय समितीनं स्थानिक पार्टनरला ओव्हरहेड कसा द्यायचा याच्यावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. मीटिंगमध्ये याचा उल्लेख करा, उपयोगी पडतं.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला, पैसा आहे, ओव्हरहेड ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. नियम नीट वाचा. २०२१ च्या दुरुस्तीत जी ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे, आणि एखाद्या ठराविक प्रोजेक्टची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे अकाउंटंटचा या प्रोजेक्टपुरता वेळ हा प्रोजेक्टचा खर्च म्हणून मांडता येतो. तुमच्या सीएला सोबत घ्या आणि लेखी मांडा.

परदेशी पैसा असेल तर भानगड वेगळी आहे. सप्टेंबर २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, दोघांकडं एफसीआरए नोंदणी असली तरी नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. त्याचा परिणाम असा की मोठी संस्था तुमच्याच भागात स्वतःची माणसं नेमते आणि छोटी संस्था नुसती ओळखी करून द्यायला उरते. इथं मोठ्या संस्थेला दोष देऊन उपयोग नाही, कायदा तसा आहे. पण मग प्रश्न असा विचारायचा: तुमच्याकडं सीएसआरचा किंवा देशातल्या दात्यांचा जो पैसा आहे त्यातलं काम तुम्ही स्थानिक संस्थेकडं का देत नाही? आणि छोट्या संस्थांनी पण आयकर सवलतीची नोंदणी (१२ए, ८०जी नावानं ओळखतात ती) आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आपल्या नावानं करूनच ठेवावी. एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआर निधी घेऊन काम करायचं तर सीएसआर-१ लागतोच, आणि तो नसला तर कायम दुसऱ्याच्या नावाखाली राहावं लागतं.

पैसा कधी येतो

मराठवाड्यातल्या कामाचं कॅलेंडर साखर कारखाने ठरवतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, आणि मार्च-एप्रिलला परततात. उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारा आगाऊ पैसा, तर त्याच्या कितीतरी आधी पावसाळ्यातच वाटून झालेली असते. म्हणजे पालकांशी बोलायचं, लेकरं आजी-आजोबांकडं ठेवायची का ते ठरवायचं, मागं राहणाऱ्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळेकडून पंचायत समितीत पोचला का बघायचं, ग्रामसेवकाकडून (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून घ्यायचं, हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि मोठ्या संस्थेचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यात मंजुरी, सही, लीगलची तपासणी करत करत पहिला हप्ता नोव्हेंबरात नाहीतर डिसेंबरात येतो. तोवर गाव गेलेलं असतं.

आमच्याच भागातली गोष्ट आहे, एका मोठ्या संस्थेचा पहिला हप्ता लांबला, तिथल्या छोट्या संस्थेनं किराणा दुकानातून उधारीवर धान्य उचलून लेकरांचं जेवण सुरू ठेवलं, आणि नंतर ऑडिटमध्ये त्याच खर्चावर शेरा आला की कराराच्या तारखेआधीचं बिल चालत नाही. बिल खरं होतं, लेकरं खरी जेवली होती, तरी पैसे अडकले. म्हणून तपासताना तीन तारखा शेजारी शेजारी लिहा: काम कधी सुरू व्हायला पाहिजे होतं, करारावर सही कधी झाली, पैसे खात्यात कधी आले. मधल्या अंतराचा बोजा कुणी उचलला ते त्याच्यापुढं लिहा. सुधारणा पण इथंच सगळ्यात सोपी आहे, करारात एवढं टाकून घ्यायचं की किमान ४० टक्के रक्कम १५ ऑगस्टच्या आधी येईल, आणि ठरल्या तारखेपासून करार होईपर्यंतचा खर्च नंतर मान्य केला जाईल.

निर्णय कुणाचा

मागच्या सहा महिन्यातले पाच मोठे निर्णय आठवा. कोणती गावं घ्यायची, किती लेकरं, फॉर्ममध्ये काय विचारायचं, कुणाला कामावर घ्यायचं, काय बंद करायचं. प्रत्येकापुढं लिहा: आम्ही ठरवलं, दोघांनी बसून ठरवलं, आम्हाला विचारलं पण ठरवलं त्यांनी, आम्हाला फक्त कळवलं. मेसेज समोर असतात त्यामुळं आठवणीवर विसंबून राहावं लागत नाही. पाचातले चार शेवटच्या दोन खान्यात गेले तर ती पार्टनरशिप नाही, ठेका आहे. ठेका वाईट असतो असं नाही, पण मग तसं दोघांनी कबूल करावं आणि ठेक्याचे पूर्ण पैसे मिळावेत.

फंडर भेटीला येतो तेव्हा काय होतं ते पण बघा. पूर्ण दिवसाच्या भेटीत स्थानिक संस्थेच्या माणसाला किती वेळ बोलू दिलं? रिपोर्टवर लोगो कुणाचा? चार्टर फॉर चेंजमध्ये असं कलम आहे की मीडिया आणि लोकांशी बोलताना स्थानिक पार्टनरचं काम नावानिशी मान्य करायचं. त्याच्यातच आणखी एक कलम आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं: मोठ्या संस्थेनं संकटाच्या काळात स्थानिक संस्थेचा तयार माणूस आपल्याकडं घेतला तर भरपाई द्यायची, उदाहरण म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या पगाराच्या १० टक्के असं सुचवलंय. आपल्याकडं हे सर्रास चालतं. दोन-तीन वर्षं घालून तयार केलेली कार्यकर्ती, जिला प्रत्येक तांड्यावरची घरं माहीत, ती दुप्पट पगारावर तिकडं जाते. तिला अडवायचं नाही, तिचं भलं व्हायलाच पाहिजे. पण छोट्या संस्थेला नवीन माणूस घडवायचा खर्च मिळायला पाहिजे आणि तीन महिने आधी कळायला पाहिजे.

यादी कुणाची

याच्यावर जरा थांबा, कारण याच्यात कुटुंबांचं थेट नुकसान होऊ शकतं. एका घराचे आधार नंबर, उचल किती, मुकादम कोण, कोणता कारखाना, बाईच्या आजारपणाची माहिती, ऑपरेशन झालंय का, हे सगळं आपण मोबाईलच्या फॉर्ममध्ये भरतो आणि ते कुठंतरी लांबच्या सर्व्हरवर जातं. उचलीबद्दल किंवा मारहाणीबद्दल कुणी तक्रार केली हे मुकादमाच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी त्या जोडीला काम मिळणार नाही, आणि उचल फेडायची राहिली असेल तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं असा आरोप केला होता की बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची माहिती नीट संमती न घेता गोळा झाली आणि पुढं म्यानमारपर्यंत पोचली. यूएनएचसीआर या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेनं आपण संमती घेतली होती असं सांगितलं. पण ज्या सरकारच्या छळामुळं माणसं पळाली त्याच्याच हातात त्यांची यादी, एवढा विचार केला तरी यादीचं वजन कळतं.

म्हणून विचारा: कोणता प्रश्न कशासाठी आहे? उपयोग नसेल तर काढून टाका. मूळ डेटा दोघांकडं आहे का? प्रोजेक्ट संपल्यावर पुसणार कोण? फोटो काढताना त्या बाईला कळेल अशा बोलीत सांगितलं का की हा कुठं छापणार? आणि ती नाही म्हणाली तर चालतं का, की फोटो नाही म्हणून कार्यकर्त्याला बोलणी बसतात? आपल्याकडं २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा पण झालेला आहे, मोठ्या संस्थेच्या लीगलवाल्यांना तो माहीत असतो, त्यांनाच या प्रश्नांची उत्तरं लेखी मागा.

कुटुंबांना विचारल्याशिवाय हे पूर्ण होत नाही

दोन संस्थांनी आपसात बसून बरोबरी ठरवली आणि कोयत्यावरच्या बायांना विचारलंच नाही तर अर्धंच काम झालं. एप्रिल-मेला माणसं परत आली की वस्तीवर बसा. पुढाऱ्याच्या ओट्यावर नको, मुकादमाच्या दारात तर अजिबात नको. बायांचा वेगळा गट करा. दोन्ही संस्थांपैकी जो माणूस त्या गावात काम करत नाही त्यानं विचारावं म्हणजे बाया मोकळं बोलतात. लांबलचक फॉर्म नको, तीन-चार प्रश्न पुरतात. मागच्या साली तुमची यादी केली त्याचं पुढं काय झालं? अडचण आली तेव्हा फोन कुणाला केला, उचलला का? आमच्यातलं काय बंद केलं तर तुम्हाला फरक पडणार नाही? पुढच्या साली पहिलं काय करावं?

उत्तरं ऐकून घ्यायची, खुलासे द्यायचे नाहीत. ‘ताई, नाव लिहून नेलं, परत कोणी सांगाया आलंच नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल, आणि त्याचं कारण शोधलं तर बऱ्याचदा दोन संस्थांच्या मधीच सापडतं, एकाला वाटलं दुसरा सांगेल. यात सहभागी होणाऱ्या बाईची त्या दिवशीची मजुरी बुडते, ती द्या, बजेटमध्ये त्याची वेगळी ओळच ठेवा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावातल्याच बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. गावातल्या माणसाचं ज्ञान हे काम आहे, हे मराठवाड्यानं आधी करून बघितलेलं आहे.

समोरासमोर बसायचं कसं

आता मोठ्या संस्थेला सांगा की आपण दोघंही हीच तपासणी वेगवेगळी भरू आणि मग ताडून बघू. पैसा, वेळ, निर्णय, माणसं, माहिती, श्रेय, तक्रार एवढे विषय ठेवा, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि प्रत्येक गुणापुढं एक उदाहरण. उदाहरणाशिवाय गुण धरायचा नाही. फिल्डवरच्या लोकांचा कागद वेगळा, नावाशिवाय. जिथं दोघांच्या गुणात दोनपेक्षा जास्त फरक आहे तिथंच मीटिंगचा वेळ घाला. त्यांनी निर्णयाला ५ दिले आणि तुम्ही २, तर चर्चा तिथं आहे.

मीटिंग तुमच्या गावात घ्या, मराठीत घ्या. झूमवर इंग्रजीत घेतली तर ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे तोच गप्प बसतो. चालवायला दोघांच्या ओळखीचा पण दोघांच्या पगारावर नसलेला माणूस बघा, कॉलेजातले एखादे प्राध्यापक, जुने कार्यकर्ते. सगळं एकाच बैठकीत मिटवायला जाऊ नका, तीन गोष्टी निवडा, प्रत्येकीला तारीख आणि जबाबदार माणूस लावा, आणि ते करारात दुरुस्ती म्हणून सहीनिशी घाला. तोंडी ठरलेलं मॅनेजर बदलला की संपतं, आणि मोठ्या संस्थेत मॅनेजर बदलतातच.

करारात माझ्या मते एवढं तरी पाहिजेच: प्रोजेक्ट मधूनच बंद करायचा तर ९० दिवसांची नोटीस आणि हंगाम चालू असेल तर हंगाम संपेपर्यंत लेकरांच्या जेवणाचा पैसा थांबणार नाही. फिल्डवरच्या माणसाला अपघात विमा, कारण तो रात्री घाटातून गाडीवर येतो. रिपोर्ट मराठीत चालेल, भाषांतराचा खर्च मोठी संस्था करेल. वर्षातून एकदा फंडरशी थेट बोलणं. आणि तक्रार करायची असेल तर रोज ज्या प्रोग्राम ऑफिसरशी संबंध येतो त्याच्याकडं नाही, त्याच्या वरच्या किंवा बाहेरच्या माणसाकडं.

मोठ्या संस्थेत काम करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एकच विनंती आहे, पहिला आकडा तुम्ही उघडा. तुमचं पूर्ण बजेट पार्टनरला दाखवा, त्यात दिल्ली-पुण्याचा वाटा किती आणि बीडचा किती. छोटी संस्था पुढचं काम जाईल या भीतीनं कधीच पहिल्यांदा विचारणार नाही, आणि तुम्हाला वाटत राहील की सगळं ठीक चालू आहे.

मोठी संस्था काहीच ऐकत नसेल तर एकट्यानं भांडू नका. तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या चार-पाच छोट्या संस्था एकत्र या, खऱ्या खर्चाचे आकडे एकमेकींना दाखवा, पेट्रोल किती, मानधन किती, ओव्हरहेड किती, आणि याच्या खाली कुणीच सही करायची नाही असा एक किमान दर ठरवा. एकीनं नाही म्हणलं की दुसरीकडं जातात, पाचही जणींनी तोच आकडा सांगितला तर बसून बोलावं लागतं. हे सगळं मे-जूनमध्येच उरकून घ्या, टोळ्या परतल्यावर आणि नवीन उचल वाटायच्या आधी, म्हणजे जुलैपर्यंत नवा करार हातात येतो आणि ऑगस्टला वस्तीवर जाता येतं.